स्थगितीचे पेढे

कोर्टानं स्थगिती दिली त्या दिवशी मी साकोलीत पेढे वाटले. नियामकानं आमच्या सहकारी बँकेचा परवाना रद्द केला होता. आम्ही संचालकांनी त्याला नागपूरच्या हायकोर्टात आव्हान दिलं, आणि निकाल लागेपर्यंत परवाना राहील असा आदेश निघाला. मला वाटलं, बँक वाचली! आजही कुणी पेढ्यांचा पुडा उघडला की माझा तो फुललेला चेहरा आठवतो, आणि त्याला एक चापट द्यावीशी वाटते.

मी महिला संचालक होते. म्हणजे सभेत कोपऱ्यातली खुर्ची, चहासोबत दोन बिस्किटं आणि बोट दाखवतील तिथं सही. अध्यक्षांच्या भाच्या-मेहुण्यांना दिलेली कर्जं बुडाली, त्यांवरही माझी सही होतीच. पण मुंबईच्या साहेबांनी आम्हाला शिकवावं? त्यांनी कधी धानाचा बांध पाहिला होता? असं मी भाषणात विचारायची. टाळ्याही पडायच्या.

परवाना राहू द्या, अशा अर्जावर कोर्टात लावायला ठेवीदारांच्या सह्या हव्या होत्या. दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या गावोगावच्या जत्रा, सुरू होत्या. एकोडी, सानगडी, जिथं मंडई तिथं मी. दंडारीचा नाच-खेळ बघायला आलेल्या बायांना गाठायचं आणि पेन पुढं करायचं. पहिली सही मात्र माझ्या शेजारणीची. तिचा नवरा गेल्यावर त्याच्या नोकरीचे पैसे तिनं माझ्याच शब्दावर आमच्या बँकेत ठेवले होते, पोरीच्या नर्सिंगसाठी. पैसे काढण्यावर नियामकाचे निर्बंध लागले तेव्हापासून ते अडकले होते.

"बाई, यानं पैसे लवकर भेटतीन ना?"

"भेटतीन न! व्याजासकट भेटतीन. तू कर सही."

कोर्टात नियामकाचा वकील स्पष्ट सांगत होता, की परवाना गेला तर लहान ठेवीदारांना ठेवींवरच्या विम्याचे पैसे मिळतील, स्थगिती दिली तर तेही अडतील. मी या कानांनी ऐकलं. शेजारच्या संचालकांना म्हणाले, "कसा गोड बोलून राहिला, पाहा," आणि पदराआड हसले. केवढी हुशार!

पेढा खाऊन शेजारणीनं विचारलं, "मंग उद्या येऊ का खिडकीवर?"

ती आली. कॅशियरनं मान हलवली. परवाना जिवंत, म्हणून विमा नाही. निर्बंध कायम, म्हणून ठेवही नाही. बँकेचं दार तेवढं रोज उघडायचं, आम्ही आत बसून चहा प्यायचो. नर्सिंगच्या प्रवेशाची मुदत निघून गेली. पोरगी कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालू लागली. पुढच्या वर्षीही तारखाच पडल्या. शेवटी याचिका फेटाळली गेली, परवाना गेला आणि विम्याचे पैसे आले. तिचे तर सगळेच्या सगळे आले. तोवर पोरीचं लग्न होऊन ती सिहोऱ्याकडे नांदायला गेली होती.

अध्यक्षांचं काही बिघडलं नाही. भाचे-मेहुणेही मजेत होते.

मी शेजारणीकडे गेले. चुकलं म्हणाले. तिनं पाट दिला, चहा ठेवला, पोरीची खुशाली सांगितली. मला वाटलं, सुटले. निघताना दारापर्यंत आली आणि म्हणाली,

"येत जा, बाई. चहा पाजीन. पेन मातर घरीच ठेवून येजा."