पाखरीचं मुसकं

दादूमामा गेल्याची खबर आली तेव्हा मी साताऱ्यात न्हाव्याच्या दुकानात बसून त्याचीच नक्कल करत होतो. जबडा आडवा, एक भुवई वर, आणि आवाज असा की हा माणसाशी बोलतोय का घोड्याशी ते कळू नये. गिऱ्हाईकं हसत होती, एकाच्या तोंडावर तर निम्मा साबण तसाच वाळत होता. तेवढ्यात इस्लामपूरकडनं आलेल्या मोटारीचा क्लीनर दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तुझा मामा गेला रं. मामीनं बलावलंय." पुढं न्हावी हळहळत राहिला की असल्या टायमाला नक्कल व्हावी म्हणजे काय... मला उलट बरंच वाटलं. मामा जात होता तेव्हा साताऱ्यात कुणीतरी त्याच्या आवाजात बोलत होतं. त्यानं ऐकलं असतं तर जबडा अजून आडवा धर, एवढंच म्हणाला असता.

आता काही आठवडे झाले, आणि गावात जो तो मामाला मऊ करत सुटलाय. लय मायाळू होता म्हणे. अहो, दिवाळीपर्यंत हीच माणसं त्याला कसाई म्हणत होती! मामा मायाळू नव्हता. हट्टी होता, तिरसट होता, आणि बरोबर होता. गाव त्यातलं शेवटचं तेवढं गाळतंय, म्हणून हे लिहायला बसलो.

मामा लढाईत खेचरांच्या पलटणीत होता. सुटून आला आणि पहिलं काम काय केलं, तर एक तट्टू घेतलं. मामीचा गुडघा धरलेला, चार पावलं टाकली की ती बांधावर बसायची. तिला बाजाराला, देवाला, बहिणीच्या गावाला जाता यावं म्हणून ही घोडी. नाव पाखरी, अंग कणगीसारखं. दुसरी जनावरं खाऊन जाड होतात, ही नुसत्या वासानं फुगायची. पण पाखरी आली आणि मामी परत हिंडायला लागली. पाखरीचे पाय ते मामीचे पाय, असा सरळ हिशेब होता.

आता आमच्याकडं थंडीत नदीकाठ म्हणजे नुसतं गोडधोड. ऊस तुटायला लागतो, गुऱ्हाळं पेटतात, आणि गुऱ्हाळावरनं जाणाऱ्याला रिकामं पाठवायचं नाही ही रीत. माणसाला रस, गरम गुळाचा खडा, जनावराला वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. नको म्हणणं म्हणजे मालकाच्या तोंडावर थुंकणं. पहिल्या थंडीत पाखरीनं ही रीत मनापासून पाळली. संक्रांत आली आणि घोडी गोठ्यात मागं रेलून उभी, पाऊल उचलंना. पुढची खुरं तव्यासारखी तापलेली. लोक म्हणाले, गेली, सोडून द्या. मामानं तिला कशीबशी घरामागच्या ओढ्यापर्यंत नेली आणि गार पाण्यात उभी केली, आणि स्वतःही पाण्यात उभा राहिला. रोज. थंडीत. मामी काठावरनं दोघांनाही शिव्या देत होती. घोडी बरी झाली, पण मामा त्या पाण्यातनं वेगळाच माणूस होऊन बाहेर आला.

घोडीला गोड चारा जास्त झाला की तो ताप होऊन खुरात उतरतो, हे त्याला पक्कं कळलेलं. पुढच्या थंडीला त्यानं पाखरीला मुसकं घातलं. कोळपताना पीक खाऊ नये म्हणून बैलाच्या तोंडाला बांधतात, तेच जाळीचं मुसकं. खाली एक भोक मोठं केलेलं, त्यातनं चार काड्या जातील एवढंच. नदीकाठ सोडून तो तिला वरच्या माळावर न्यायचा, वाळल्या कुसळात, आणि दिवसभर हिंडवत चारायचा. घरी कडबा द्यायचा तोही पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून देऊन. सगळा गोडवा त्या पाण्यात उतरतो म्हणायचा. मग काय, गावाला तमाशाच मिळाला. दादूचा कडबा अंघोळ करतो. दादू घोडीला जेवायला नेतो आणि तोंड शिवतो. पलटणीत बंदूक चोरली का अक्कल गहाण टाकली... मी ह्या सगळ्यांच्या नकला मामाला करून दाखवायचो. तो हसायचा नाही. फक्त विचारायचा, आणि काय म्हणत्यात?

तात्यांशी मात्र वाजलंच. तात्या म्हणजे वाटेवरच्या गुऱ्हाळाचे मालक आणि मामाचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी वाढ्याची पेंढी पुढं केली, मामानं घोडी वळवली.

"दादू, माझ्या गुऱ्हाळावरनं कुत्रं बी उपाशी जात न्हाई."

"मग कुत्र्यालाच घाला की."

माणसं बघत होती. तात्या त्यानंतर मामाशी बोलले नाहीत. मामानं त्याचं दुःख केलं का? केलं असणार. पण रोज त्याच वाटेनं, त्याच गुऱ्हाळावरनं, मुसक्यासकट पाखरीला घेऊन जायचा. दुसरी वाट होती. ती त्यानं धरली नाही.

ह्या थंडीच्या सुरुवातीला छातीत कफ धरला आणि मामा गेला. दहाव्याला तात्या आले. डोळे सुजलेले, मागं गाडी, गाडीत हिरवं वाढं खच्चून भरलेलं. गोठ्यापुढं उभे राहून म्हणाले, दादू असेस्तवर आमचं चाललं न्हाई, आता त्या मुक्या जिवाला तरी पोटभर खाऊ दे. जमलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मामीचा सख्खा भाऊ तर मुसकं सोडायला पुढंही झाला. माझ्या जिभेवर मामाचा आवाज आला होता, पण तेवढ्यात मामी उठली. ह्याच मुसक्यावरनं तिनं मामाला जन्मभराच्या शिव्या घातलेल्या. भिंतीला धरत ती गोठ्यापाशी आली आणि भावाचा हात बाजूला सारला.

"आवं तात्या, बैलास्नी घाला ते. माझी घोडी हाय. मला अजून लय हिंडायचं हाय."

तात्यांनी गाडी वळवली. तिकडं बायका कुजबुजल्या, दादूचं वारं लागलं हिला. लागू दे की.

परवा गावी गेलो होतो. चुलीवर चहा ठेवून मामी गोठ्यात गेली. गुडघा वाकत नाही, म्हणून एक पाय लांब पसरून पाखरीपुढं जमिनीवर बसली. लेकराचा ताप बघतात तसा उलटा हात एका खुराला लावला, मग दुसऱ्याला. पाखरी निमूट उभी. "गार हाय," मामी म्हणाली, आणि मला हात पुढं केला, उठव म्हणून. बाजाराचा दिवस होता.