ब्रेकचं तेल आणि काकी

माझ्या घरमालकीण काकी काकांशिवाय कुणाच्याही मागे गाडीवर बसल्या नव्हत्या. पण काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गाडीला हात लावू नका म्हणून सांगितलं. डोळा निभावला तर फोंड्याच्या देवीची ओटी भरीन, असं काकी बोलून बसल्या होत्या. तेव्हा ठरलं, रविवारी त्यांना मी न्यायचं. काकांच्याच मोटरसायकलवरून.

मी परभणीच्या पलीकडचा. नववीत शाळा सोडली, आता गोव्यात धारगळला फरशीच्या दुकानात माल उतरवतो. लाटंबार्शाला या दोघांनी मला खोली दिली, आणि माझी बस चुकायला लागल्यावर गाडीची चावीही दिली. एवढं कुणी केलं की माणसाने निवांत झोपावं. मी आदल्या संध्याकाळी ब्रेक तपासत बसलो.

हँडलवर ब्रेकच्या तेलाची डबी असते, तिला एक गोल काच. काचेत बघतो तर तेल खुणेच्या पार खाली! उतारावर ब्रेक लागत नाही आणि काकी ओटीसकट नदीत, इथपर्यंत मी मनात जाऊन आलो. धावत जाऊन तेलाची बाटली आणली. डबीच्या झाकणावरच्या इंग्रजी ओळीतला चारचा आकडा तेवढा मला वाचता आला होता, तोच दुकानदाराला सांगितला. सुदैवाने त्याला तेवढं पुरलं.

सकाळी काकींच्या आंघोळीआधी मी डबी उघडली. आत तेल चांगलं वरपर्यंत होतं. शहाणा माणूस इथे थांबला असता. मी म्हटलं, काच खोटं कशाला बोलेल? आणि काठोकाठ ओतलं. झाकण दाबलं तसं तेल सगळीकडून उतू गेलं आणि लाल टाकीवरून ओघळलं.

काका सोप्यावर चहा घेत होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, तरी त्यांना दिसलं.

"मेल्या, काय केलंस? पाणी ओत, पाणी! रंग खातलें तें!"

मी बादलीभर पाणी गाडीवर ओतलं. दुसरी बादली ओतताना स्वतःवरही.

"पण काका, तेल खाली गेलं होतं. ही बघा काच."

काका जवळ आले, नाक काचेला लावलं आणि अंगठ्याने ती पुसली. अंगठा लाल झाला. "हें तेल न्हय रे. दसऱ्याक तुज्या काकीन लायलेलां कुंकू!"

सुकलेल्या कुंकवाची कड मी तेलाची पातळी समजलो होतो. त्यात गाडी बाजूच्या स्टँडवर कललेली, हँडल वळलेलं, म्हणजे पातळी खरी दिसणारच नव्हती. काकांनी ती मधल्या स्टँडवर सरळ उभी करायला लावली. नातवाला औषध पाजायची बिनसुईची सिरिंज आणली. डबी कोरडी पुसून मी जादाचं तेल ओढू लागलो. काकांना बारीक दिसत नव्हतं, म्हणून ते विचारत होते, "खंय पावलां? खुणेर पावलां?" आणि मी, ज्याला कुंकू आणि तेल वेगळं ओळखता आलं नाही, तो त्यांना पातळी सांगत होतो.

ब्रेक दाबून पाहिला. घट्ट. वाडीच्या टोकापर्यंत जाऊन आलो, गाडी जिथल्या तिथे थांबत होती. टाकीवर नखाएवढा फिकट डाग मात्र राहिला.

तेवढ्यात काकी नेसून, केसांत अबोली माळून बाहेर आल्या. अंगणातलं पाणी पाहिलं, मला पाहिलं.

"काकी, आपण बसनेच जाऊया," मी म्हटलं.

काकींनी काकांकडे बघितलं. "तुमी कदीं इतके भियेले ब्रेकाक?"

"मी कित्याक भिऊं?"

"म्हणून मी भियेतालें." त्या मागे बसल्या, ओटीची पिशवी मांडीवर घेतली आणि माझा खांदा असा धरला की हाड वाजलं. "चल पुता."

मी इतकी हळू चालवली की सायकलवरचे एक आजोबा पुढे गेले. काकी म्हणाल्या, "सांजेची आरती तरी गावतली मरे?"

मग उतार आला. मी ब्रेक दाबला. गाडी मऊपणे संथ झाली. आणि खांद्यावरचा हात सुटला. आरशात पाहिलं तर काकी दोन्ही हातांनी अबोलीचा वळेसर नीट करत होत्या.

"काकी, धरून बसा ना!" रस्ता सोडून आरशातच बघत मी म्हटलं.

"तू फुडें पळय."