जबड्याचं माप

शिंप्याची टेप मानेला लागली की कोल्हापूरच्या लॉ कॉलेजातला तो कापडी तक्ता आठवतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी गारगोटीहून शिकायला आलेलो. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, चेहऱ्यावरनं ओळखू येतो, असा एक जुना सिद्धांत सर शिकवत होते. फळ्यावर टांगलेल्या तक्त्यात जुळलेल्या भुवयांचे, पुढं आलेल्या जबड्याचे चेहरे होते. माझ्या भुवया तश्शाच. मी मान खाली घातली, तोवर मागनं कुणीतरी कुजबुजलं, "गारगोटीचं पावणं बघ की, तक्त्यातनंच उतरलंय!" तेवढ्यात सरांनी मलाच पुढं बोलावलं आणि खिशातनं टेप काढून माझा जबडा मोजला. आता हे माझ्याबद्दल काय सांगणार? सरांनी टेप माझ्या हातात दिली. "आता माझा मोज." त्यांचा जबडा माझ्यापेक्षा मोठा निघाला. "मग मीच मोठा गुन्हेगार की! म्हणून हा सिद्धांत टिकला न्हाय. परीक्षेत हेच उदाहरण लिहा." सगळे हसले, मीही हसलो. त्याच संध्याकाळी न्हाव्याकडं जाऊन भुवयांच्या मधले केस काढून घेतले. आता भुवया पिकल्या, तरी दाढी करताना ब्लेड आधी तिथनंच फिरतं.