तहकुबीतलं लग्न

माझा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो आणि आमच्या प्रार्थनागृहाच्या समितीचा चिटणीस आहे. माझं शिक्षण सातवी, तेही ढकलत ढकलत. पण बत्तीस वर्षं ट्रक चालवला, गाडीला एक ओरखडा नाही. हा भाऊही मीच तसा घडवलाय. त्याला पहिलं पेन मी घेऊन दिलं, अजून तेच वापरतो.

एकवीस वर्षांत त्याने इतिवृत्तात खोटं अक्षर लिहिलेलं नाही. अध्यक्ष सभेत झोपले तर "अध्यक्ष झोपले" असंच लिहितो. अध्यक्ष एकदा म्हणाले, "अरे, हे लिहायलाच पाहिजे का?" हा म्हणाला, "जागे राहा, तेही लिहीन."

आमच्या समितीत अकरा जण. सात हजर असले की कोरम भरतो, मगच ठराव करता येतो. पण आमच्याच लोकांनी कधीतरी ठरवून ठेवलं होतं, की गेलेल्या सभासदाच्या मानासाठी त्याची खुर्ची वर्षभर रिकामी ठेवायची. झालं असं, की एकाच वर्षात पाच जण गेले, एकमेकांना विचारून गेल्यासारखे. वर्ष संपलं तेव्हा उरलो सहा, त्यात मी एक. नवीन माणूस घ्यायला ठराव लागतो. ठरावाला सात लागतात. सातवा आणायचा कुठून?

तेव्हापासून चार वर्षं दर महिन्याला आम्ही सहा जण जमतो. भाऊ हजेरी घेतो, कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करतो. अर्ध्या तासाने परत मोजतो. सहाच भरतात. सभा पुढच्या महिन्यावर.

मी म्हणायचो, "अरे, अर्ध्या तासात कोण जिवंत होऊन येणारे?"

"दादा, मोजल्याशिवाय कसं कळणार?"

आणि यंदा माझ्या पुतणीचं, म्हणजे त्याच्याच मुलीचं लग्न ठरलं. तिच्या आईबापाचं लग्न प्रार्थनागृहाच्या याच हॉलमध्ये लागलेलं. पोरगी अडून बसली, "लग्न इथेच. नाहीतर मी ऑफिसात सही करून मोकळी होते, तुम्ही फोटो बघा." हॉल लग्नाला द्यायचा तर ठराव पाहिजे.

त्याची बायको म्हणाली, "वहीत सहाच्या जागी सात लिहा. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," तो म्हणाला. तीन दिवस तो नीट जेवला नाही. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचे काटे उलटे बसवले. असं त्याच्या हातून कधीच होत नाही.

शेवटी माझं डोकं फिरलं. त्याच्या दुकानात जाऊन म्हणालो, "दर महिन्याला तो अर्धा तास आपण भिंतीकडे बघत बसतो. तेवढ्यात एक लग्न लागून झालं असतं."

त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. नियमांची वही काढली. मग हळूच वाचलं, "तहकुबीच्या वेळात सभासदांनी हॉल सोडू नये. घरच्यांनी आत यायला हरकत नाही. इतर बंधन नाही."

सातवी शिकलेल्या माणसाचं डोकं आहे हे, लक्षात ठेवा.

रविवारी दहाला सभा. घरची मंडळी नटूनथटून बाहेर पायरीवर उभी. भावाने हजेरी घेतली. "उपस्थित सहा. कोरम नाही. सभा अर्धा तास तहकूब." घड्याळ टेबलावर ठेवलं आणि स्वतः उठून दार उघडलं.

अध्यक्षांनी आशीर्वादाची प्रार्थना सुरू केली. मग संसारात धीर कसा धरावा यावर बोलत सुटले.

"अध्यक्ष, एकोणीस मिनिटं झाली."

"धीराचंच सांगतोय रे."

"तो लग्नानंतर धरतील."

अंगठीची वेळ आली, तर नवऱ्यामुलाचं बोट सुजलेलं. अंगठी पेरावर अडकली. पंचवीस. सव्वीस. पुतणीचे डोळे भरले. तिची आई साबण शोधायला पळाली. भावाने खिशातून घड्याळाच्या तेलाची बाटली काढली, एक थेंब सोडला, आणि म्हणाला, "आता फिरव, बेटा. किल्ली देतात तशी." एकोणतिसाव्या मिनिटाला अंगठी बसली.

"सभासदांनी जागेवर बसावं," तो म्हणाला. परत मोजलं. सहा. सभा पुढच्या महिन्यावर.

नवऱ्यामुलाची आई माझ्या कानाशी आली. "भाऊसाहेब, लग्न झालं ना? का तेही पुढच्या महिन्यावर गेलं?"

"लग्न पक्कं आहे, ताई. माझी आयडिया आहे ती."

दुपारी मी वही बघितली. लग्नाचा एक शब्द नाही. मी चिडलो. तो म्हणाला, "तहकुबीत झालेलं इतिवृत्तात घेता येत नाही, दादा." लिहिलं होतं एवढंच, "कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब." आणि त्या ओळीवर शाई पसरलेली.

"पेन गळतं," तो म्हणाला.

पेन मी दिलेलं आहे. ते गळत नाही.