साडूंची सायकलवाट

मोटारीत बसणाऱ्या माणसाला पाय देऊन देवाने फुकट मेहनत घेतली, असं ठामपणे मानणारा अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि ते नेमके माझे साडू आहेत. साडू मोजणी खात्यातून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं त्यांनी उन्हातान्हात साखळी ओढली, भावाभावांच्या भांडणात मधे उभं राहून हद्दीचे दगड रोवले, आणि त्यातून एक गोष्ट त्यांच्या डोक्यात कायमची बसली: या जगातलं प्रत्येक दुःख कुणीतरी कुणाच्या तरी जागेत शिरल्यामुळे होतं. शेतात शिरतो तो भाऊबंद आणि रस्त्यावर शिरतो तो मोटारवाला. मी निवृत्त शाळामास्तर आणि मोटारवाला आहे. लग्नाकार्यात आमची पानं शेजारी शेजारी मांडतात, पण त्यांच्या लेखी मी म्हणजे चार चाकांचं अतिक्रमण.

आमचं गाव तालुक्याचं. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण आमच्या नगराध्यक्षांना वाचता येतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत वीस मिनिटं लागतात आणि मोटारीने पाऊण तास, तरी ज्याच्या दारात मोटार आहे तो कोथिंबीर आणायलाही मोटारच काढतो. मीही काढतो. एकदा दाढीला गेलो तर साडू सलूनच्या दारात येऊन उभे. "गुरुजी, तुमच्या घरापासून हितवर दोनशे दहा पावलं हायेत, मी मोजली. गुडघे काय भाड्यानं देले का कुणाला?" तोंडाला साबण असताना माणसाला उत्तर देता येत नाही, हे ओळखूनच ते अशा वेळा गाठतात.

कुणीतरी त्यांच्या मोबाइलवर परदेशातल्या शहरांच्या चित्रफिती घालून दिल्या, तेव्हापासून तर विचारूच नका. तिथे म्हणे भर बाजारातले रस्ते मोटारींना बंद केलेत, सायकलींना स्वतंत्र वाट, स्वतंत्र सिग्नल. हे सगळं साडू साखरपुड्यात दाखवतात, तेराव्यालाही दाखवतात. "बघा, तिथला मंत्री सायकलवर कचेरीत जाऊन राहिला. आन् आमचा नगरसेवक लघवीला जायचं तरी जीप काढतो." तेराव्याला आलेली माणसं हसू दाबायला उपरणं तोंडात धरतात.

या सगळ्या तळमळीच्या मुळाशी त्यांची नात आहे. पोरगी सहावीत असताना कन्याशाळेच्या रस्त्यावर एक जीप तिला घासून गेली. कोपर फुटलं, पोरगी वाचली. बापाने सायकल माळ्यावर टाकली आणि तिला रिक्षात बसवलं, म्हणजे दहाजणींच्या मधे कोंबलं. ती साडूंजवळ येऊन रडली, "आबा, मला माझी सायकल पायजे." साडूंनी तिला शब्द दिला की शाळेचा रस्ता मी मोकळा करून देतो. आयुष्यात त्यांनी दिलेला शब्द आणि रोवलेला दगड कधी हललेला नाही, त्यामुळे मला काळजीच वाटली.

अर्ज सुरू झाले. शेवटी वरून कसलासा निधी आला आणि नगरपालिकेने शाळेच्या रस्त्याकडेला हिरवा पट्टा रंगवून त्याला सायकलमार्ग असं नाव दिलं. शाळेच्या वेळेत मोटारींना बंदी, अशी पाटीही लागली. उद्घाटनाला पाहुणे अकरा मोटारींतून आले आणि जागा नवी, स्वच्छ दिसली म्हणून सगळ्या मोटारी त्या हिरव्या पट्ट्यावरच लावल्या. प्रमुख पाहुण्यांना फोटोपुरतं सायकलवर बसवलं, दोघांनी मागून कॅरियर धरलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिथे गावभरच्या मोटारी उभ्या राहू लागल्या. कडुनिंबाची सावली आहे तिथे. माझीही उभी असायची, खोटं कशाला बोलू?

मग साडूंनी त्यांना जे येत होतं ते केलं. मोजणीआधी लगतच्या लोकांना नोटीस द्यायची असते, म्हणून आम्हा सगळ्या मोटारवाल्यांना त्यांनी स्वहस्ते नोटिसा वाटल्या. कुणी फिरकलं नाही. तेव्हा भर दुपारी एकट्याने साखळी धरून मोजणी केली आणि पट्ट्याच्या कडेने नऊ दगड रोवले. ते मोटारवाल्यांना लांबून दिसावेत म्हणून घराच्या फाटकाचा उरलेला लाल रंग त्यांना फासला. आमच्या भागात जन्म काढलेल्या माणसाने असं करू नये. मंगळवारी पहिल्या दगडावर फूल दिसलं. शनिवारी नारळ फुटला.

आणि काय सांगू, रस्ता मोकळा झाला! पाटीला, पोलिसाला, नोटिशीला भीक न घालणारे हे शूर लोक दगडापासून हातभर लांब मोटार नेऊ लागले, गाणी बंद करू लागले, स्टिअरिंगवरचा एक हात छातीशी नेऊ लागले. नातीची सायकल माळ्यावरून खाली आली. दीड महिना ती त्या पट्ट्यावरून शाळेत गेली आणि साडू कोपऱ्यावर उभं राहून बघत होते. मी म्हटलं, "साडू, देव पावला." ते म्हणाले, "देव कशाचा? फाटकाचा रंग हाय तो."

पण देव म्हटलं की कोणता, हे आलंच. कुणी मारुती म्हणालं, कुणी म्हसोबा, आणि दोन्ही बाजूंनी मिळून समिती झाली. शाळेसमोर, पहिल्या दगडाभोवती, नेमक्या पट्ट्यावर ओटा बांधला, वर पत्रे घातले. संध्याकाळी दर्शनाच्या मोटारी बाकीच्या पट्ट्यावर. समिती शाल-नारळ घेऊन साडूंकडे आली. ते भडकले, "हद्दीचा दगड हाय तो! मी लावला, मीच काढतो." सकाळी पहार घेऊन निघाले. गर्दी जमली. तेवढ्यात मेंढरं राखणारी एक म्हातारी पुढे आली आणि हात जोडून म्हणाली, "न्हाई दादा, नका हलवू. माझ्या लेकराचा ताप हितं उतरला."

साडूंनी पहार खाली ठेवली आणि ते मला म्हणाले, "गुरुजी, पस्तीस वर्षं लोकांना सांगून राहिलो, रोवलेला दगड हलवू नका. बराबर ऐकलं त्यांनी."

नात आता आठवीत आहे. सायकलवरच जाते. ओट्याशी पट्टा संपतो, तिथून बारा पावलं तिला मोटारींच्या रस्त्यावरून वळसा घ्यावा लागतो. रोज साडेदहाला साडू त्या बारा पावलांत दोन्ही हात पसरून उभे राहतात, तोंड मोटारींकडे, पाठ पोरीकडे. भोंगे वाजतात, शिव्या पडतात. "आबा, गेले मी, सरका आता," असं ती पुढे जाऊन ओरडते. आबा सरकत नाहीत, मागून आणखी कुणाची तरी सायकल येत असते.

माझी मोटार कधी कधी सगळ्यांत पुढे असते. मी इंजिन बंद करून बसतो. अलीकडे ते पसरलेले हात मधेच खाली घेतात, खांदे चोळतात आणि पुन्हा पसरतात. हा माणूस नसेल त्या दिवशी या पोरींचं काय? उतरावं आणि त्यांच्या शेजारी उभं राहावं, असं रोज वाटतं. अजून उतरलेलो नाही.