सुमाआत्याने मागितलेली दाढ

कोणी घरात आलं की सुमाआत्या आधी त्याच्या दातांकडे पाहायची, मग चेहऱ्याकडे. "जरा आ करा," हे तिचं स्वागत. प्रयोगशाळेत ती दातांच्या कवचातली प्रथिनं तपासायची. माणूस मातीत जातो, पण ही प्रथिनं हजारो वर्षं टिकतात. म्हणून नामशेष झालेल्या माणसांच्या दातांशी ती आपल्या दातांची तुलना करायची. त्यासाठी अख्ख्या पेठेतल्या काढलेल्या दाढा ती मागून आणायची. देणारा कुरकुरला तर म्हणायची, "तुमच्या तोंडात तरी तिचा काय उपयोग होता?"

माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, घराण्याचा भारी अभिमान. धायरीच्या शेतकरी घरातल्या सागरशी मी लग्न ठरवलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आपलं रक्त पिढ्यान्‌पिढ्या स्वच्छ आहे." मग माझ्याशी बोलणंच बंद. मी रडकुंडीला आले. आत्याचा मात्र बाबांच्या नुकत्याच काढलेल्या दाढेवर डोळा होता.

"वसंता, रक्त राहू दे. दाढ दे. तपासून सांगते."

बाबांनी ऐटीत दिली. सागरनेही आपली अक्कलदाढ दिली. ती काढायचीच होती.

निकाल सांगायला आत्या बाकरवडी घेऊन आली. "एका दाढेच्या प्रथिनाच्या साखळीत एक कडी वेगळी आहे. अशीच कडी त्या नामशेष माणसांत सापडते. आपले पूर्वज त्यांच्यात मिसळले, त्याची ही खूण."

"मी म्हणत नव्हतो?" बाबा माझ्याकडे वळले.

"सागरची दाढ अगदी आजकालची आहे. ही तुझी."

बाबांची बाकरवडी हातातच राहिली.

"धायरीला कळवलंय मी. लपवाछपवी नको. सागरची आई म्हणाली, 'असंना का बाई, मानसं चांगली हायेत. आमची काय हरकत न्हाय.' तुझी असेल तर आत्ताच सांग."

बाबांनी आवरायचा खूप प्रयत्न केला, पण शेवटी फिसकन हसलेच. मग पंचांग शोधायला उठले.

आत्या गेल्या वर्षी गेली. तिच्याविना घर फार सभ्य झालंय, आणि ते मला सोसत नाही. तपासणीतून उरलेली अर्धी दाढ बाबांनी डबीत घालून काचेच्या कपाटात ठेवली आहे. अभिमान गेलेला नाही, नुसता आणखी हजारो वर्षं मागे सरकलाय. "अशी सगळ्यांकडे नसते हो," असं ते पाहुण्यांना ऐकवतात.

परवा ती डबी पुसताना मात्र थांबले. म्हणाले, "ताईने सगळ्यांच्या मागितल्या. तिची एखादी आपण मागून ठेवायला हवी होती गं."