व्हिडिओतला माझा आवाज

तो मोर्चा निघाला तेव्हा मी मोर्चाच्या बाजूची होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या बहुतेक गोष्टींबद्दल माझं मलाच नक्की सांगता येत नाही.

आम्ही अमरावतीत बडनेरा रस्त्याला लागून राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मी पोस्टात काउंटरवर होते, तेव्हा नुकतीच निवृत्त झालेली. यजमान पाटबंधारे खात्यात. मुलगी एकच. ती तीन वर्षं सरकारी भरतीचा अभ्यास करत होती. सकाळी सातला डबा घेऊन अभ्यासिकेत जायची. एका हॉलमध्ये पन्नास-साठ पोट्टे-पोट्ट्या, मधे प्लायवूडच्या फळ्या, आणि ‘कृपया शांतता राखा’ असं लिहिलेल्या पाटीखाली कूलरचा घरघराट. पेपर देऊन आली त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाली, “आई, या वेळेस होऊन जाईल.” चौथ्या दिवशी कळलं, पेपर आधीच फुटला होता.

ती भिंतीकडे तोंड करून झोपून राहिली. संताप मलाच जास्त आला. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मी एकटीच बडबडत होते, की यांना चौकात उभं करून हाणलं पाहिजे. ‘यांना’ म्हणजे नेमकं कोणाला, ते मला माहीत नव्हतं.

मोर्चाच्या दिवशी शहर बंद होतं. मुलगी मैत्रिणींबरोबर गेली होती, पण एकीला उन्हानं चक्कर आली म्हणून तिला घरी सोडायला अर्ध्यातून निघाली. मोर्चा आमच्या बिल्डिंगसमोरून गेला तेव्हा मी बाल्कनीत उभी राहून टाळ्या वाजवल्या. खालच्या मजल्यावरचे शेजारी, ज्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, गेटपाशी उभे राहून पोरांना पाण्याचे पाऊच वाटत होते. सगळं छान चाललं होतं.

मग पुढच्या चौकात पोलिसांनी मोर्चा अडवला. रेटारेटी झाली, लाठ्या चालल्या आणि गर्दी उलटी आमच्याकडे पळत आली. नेमकी त्याच वेळी अकोल्याहून आलेली एसटी मधे सापडली. पोरांनी प्रवाशांना उतरवून दिलं. एका म्हातारीचं गाठोडंसुद्धा कोणीतरी नीट खाली काढून दिलं. आणि लगेच काचा फुटायला लागल्या. ड्रायव्हर खाली उतरला. हात जोडून काहीतरी सांगत होता.

मी मोबाईलवर शूटिंग करत होते. का, ते विचारू नका. सगळेच करतात.

व्हिडिओ मिनिटभराचा आहे. त्यात निळ्या चौकड्यांच्या शर्टातला एक तरुण दिसतो, त्याच्या हातात दगड आहे. कुठून तरी एक दगड येऊन ड्रायव्हरच्या खांद्याला लागतो. मग एका बाईचा आवाज येतो. ड्रायव्हर वर बघतो. तिथं माझा हात हलला आहे आणि दोन-तीन सेकंद नुसती दोरीवरची चादर दिसते. पुन्हा रस्ता दिसतो तेव्हा ड्रायव्हर खाली बसलेला आहे, दोन्ही हात डोळ्यावर.

मी तो व्हिडिओ अकोल्याला धाकट्या बहिणीला पाठवला. खाली लिहिलं, “बघ, इथं काय होऊन राह्यलं.” तिनं तो तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो मलाच चार ठिकाणांहून परत आला.

त्या संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळे पोरांच्या बाजूनं होते. “असंच पाहिजे”, “शाबास वाघांनो”. हार्डवेअरवाल्या शेजाऱ्यांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पेपरात ड्रायव्हरचा फोटो आला, डोळ्याला पट्टी, गणवेशावर रक्त. दुपारपर्यंत त्याच ग्रुपवर तीच माणसं लिहीत होती, “या गुंडांना सोडू नका”, “यांना कसली नोकरी देता?” शेजारी स्वतःहून पोलीस ठाण्यात जाऊन गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण देऊन आले. कालच्या पाऊचचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही. मी दोन्ही दिवशी ग्रुपवर अंगठ्याची खूण टाकली होती.

तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला.

“ताई, तो व्हिडिओ तू कान देऊन ऐकला का वं?”

“पाह्यला ना. मीच काढला.”

“पाह्यला नाही, ऐकला का? त्यातली बाई तूच आहे. तुहा आवाज मी ओळखणार नाही का? तू ‘मारा त्याले’ म्हणून राह्यली.”

मी हसले. फोन ठेवला आणि व्हिडिओ लावला. आवाज माझाच होता. पोस्टात तीस वर्षं काचेच्या अलीकडून ओरडून घसा बसका झालेला, तो लपत नाही. पण शब्द? मला ऐकू आलं, “मारलं त्याले.” खांद्याला दगड लागला, म्हणून मी ओरडले, मारलं. सरळ होतं. पुन्हा लावला. आता “मारा” ऐकू आलं. त्याच क्षणी खाली कोणीतरी शिट्टी मारली आहे आणि शब्दाचं शेपूट तिच्यात बुडालं आहे.

यजमानांना ऐकवला. ते म्हणाले, “मारलंच आहे. तू काहून मारा म्हणशील?” मग म्हणाले, “तशी चिडलेली तर तू होतीच.”

मी तेव्हा काय म्हटलं हे मला आठवत नाही. त्या क्षणाचा उन्हाचा चटका आठवतो, कठड्याचं तापलेलं लोखंड आठवतं. शब्द आठवत नाही. माणूस स्वतःच्या तोंडून निघालेला शब्द विसरू शकतो, यावर माझा पूर्वी विश्वास नव्हता.

मुलीला मी आवाजाचं सांगितलंच नाही. तिची काळजी वेगळी होती.

“आई, तो चौकडीचा शर्ट आमच्या अभ्यासिकेतला आहे,” ती म्हणाली. “माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. गणिताच्या नोट्स त्यानंच मला दिल्या होत्या. व्हिडिओ डिलीट कर.”

“आता डिलीट करून काय होते? सगळ्या गावानं पाह्यला.”

“गावाकडं फॉरवर्ड आहे. मूळ तुझ्याकडं आहे. त्याच्यावर केस झाली तर चारित्र्य पडताळणीत जाईल तो. आयुष्यभर.”

“आणि त्या ड्रायव्हरचा डोळा?”

ती “त्यानंच मारला हे कुठं दिसते?” एवढंच म्हणाली.

मी डिलीट केला नाही. ठामपणे नाही म्हटलं असंही नाही. आज करू, उद्या करू, असं करता करता पाचव्या दिवशी पोलीस आले. एक अधिकारी आणि एक महिला शिपाई, दोघंही सौम्य. चित्रण कोणत्या मजल्यावरून झालं ते त्यांनी बाल्कन्या मोजून काढलं होतं.

“मॅडम, तुम्ही फक्त साक्षीदार. मोबाईल जमा करावा लागेल.”

मी दिला. मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. पुढे अकरा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. चौकडीच्या शर्टवाल्याला त्याच आठवड्यात धरलं.

महिन्याभरानं मी अकोल्याला गेले. बहिणीच्या यजमानांनी शोधून काढलं होतं की तो ड्रायव्हर जुन्या शहरात राहतो. मूळचा बार्शीटाकळीकडचा, पन्नाशीच्या आतबाहेरचा. डावा डोळा गेला होता. मी डझनभर केळी घेतली आणि बहिणीला बरोबर घेऊन गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

दोन खोल्यांचं घर. त्यांच्या बायकोनं खुर्च्या पुसून दिल्या, चहा टाकला. ड्रायव्हर पलंगावर बसले होते, काळा चष्मा लावून. बहिणीनं माझी ओळख करून देताना फक्त “अमरावतीहून आली माही ताई” एवढंच सांगितलं. मी म्हटलं, “तुमची चौकशी करायला आले. ते सगळं आमच्या घरासमोरच झालं.”

ते एकदम सरळ बसले. “पुन्हा बोला बरं.”

“काय?”

“तुमीच का त्या बाई? व्हिडिओतल्या?”

 त्यांनी आपला मोबाईल काढला. व्हिडिओ त्यांच्याकडे होता. रोज पाहत असावेत, कारण बायको लगेच आत निघून गेली. माझा आवाज त्या खोलीत एकदा वाजला.

“हो,” मी म्हटलं. “मीच.”

“मी तुमाले शोधूनच राह्यलो होतो. तुमचा आवाज आला म्हून मी वर पाह्यलं. तवाच गोटा आला.”

बहिणीनं माझा गुडघा दाबला. मी कसंबसं विचारलं, “म्हणजे माझ्यामुळं लागला?”

“आता ते कसं सांगू, बाई? डॉक्टर म्हणते, मान वळली नसती तर कानशिलावर बसला असता, जागेवरच गेलो असतो. माहा भाऊ म्हणते, मान वळली नसती तर मांगून निघून गेला असता, काहीच झालं नसतं. दोघंही तिथं नव्हते.”

“तुम्हाला काय ऐकू आलं? मी काय म्हटलं?”

हे विचारायलाच मी आले होते, हे मला विचारल्यावर कळलं. जगात एकच माणूस होता ज्यानं तो शब्द मोबाईलमधून नाही, हवेतून ऐकला होता. त्यांनी विचार केला. खरोखर आठवायचा प्रयत्न केला, चष्म्यावरच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“शब्द नाही ऐकू आला. बाईमाणूस ओरडलं, एवढंच. मले वाटलं घरचंच कोणी आवाज देऊन राह्यलं.”

मी रडायला लागले. ते गडबडले. बायको पाणी घेऊन आली आणि मला म्हणाली, “तुमी कायले रडता? तुमी चांगल्यासाठीच ओरडल्या असान.” मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ हो होता की नाही, ते मी तिला सांगितलं नाही.

निघताना मी त्यांना विचारलं, त्या पोराचं काय व्हावं असं वाटतं?

“रोज येगळंच वाटते,” ते म्हणाले. “गोळ्या घेतो तवा वाटते, त्याचाही एक डोळा काढा. मंग वाटते, त्याच्या हातात गोटा दिसते, पण तो फेकताना कुठं दिसते? तिथं तर तुमची चादरच दिसते, बाई.”

ते हसले. मला हसता आलं नाही.

त्या आंदोलनामुळे परीक्षा रद्द झाली आणि पुन्हा घेतली गेली. मुलीनं पुन्हा पेपर दिला. निवड झाली. नेमणूक मिळाली ती अकोला जिल्हा परिषदेत. पेढे वाटताना हार्डवेअरवाले शेजारी म्हणाले, “पोरांनी लढा दिला म्हणून झालं बरं का.”  ते खरंच बोलत होते, आणि मला त्यांच्या हातावर दुसरा पेढा ठेवण्यापलीकडे काही सुचलं नाही.

कोर्टाचं समन्स आलं तेव्हा मुलगी नोकरीत कायम झाली होती. मी पिंजऱ्यात उभी राहिले. व्हिडिओ तुम्हीच काढला का? हो. आवाज कोणाचा? माझा. सरकारी वकिलांनी तो शब्द विचारला नाही. आरोपीच्या वकिलांनी विचारला.

“तुम्ही ‘मारा’ म्हटलं की ‘मारलं’?”

“मला सांगता येत नाही.”

“म्हणजे आठवत नाही, की सांगायचं नाही?”

“आठवत नाही. दोन्ही म्हटल्यासारखं वाटतं.”

न्यायाधीशांनी लिहून घ्यायला सांगितलं, ‘साक्षीदारास नक्की सांगता येत नाही’. टायपिस्टनं ते खटाखट टाइप केलं आणि त्यावर मी सही केली. इतकी खरी सही मी क्वचितच केली असेन, आणि तिचा कोणाला काही उपयोग नव्हता.

बाहेर व्हरांड्यात तो उभा होता, मुलीच्या अभ्यासिकेतला. पस्तिशी ओलांडलेली, कपाळावरचे केस मागे हटलेले. मला बघून त्यानं हात जोडले. “नमस्कार काकू.” मी म्हटलं, “कसा आहेस?” “ठीक आहे. झेरॉक्सचं दुकान टाकलं.” मला त्याला सरळ विचारायचं होतं, तू फेकलास का? ओठांवर आलं होतं. पण मग त्यानंही मला विचारलं असतं.

यंदाच्या उन्हाळ्यात निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन तो सुटला. तोवर त्याची वयोमर्यादा उलटून गेली होती. मी ड्रायव्हरना फोन करून कळवलं. एसटीनं त्यांना डेपोत बसून करायचं काम दिलं आहे. “सुटला का,” ते म्हणाले. मग आज अकोल्यात किती ऊन आहे ते सांगत राहिले, आणि मी ऐकत राहिले.

परवा मुलीचा फोन आला. तो झेरॉक्सवाला तिच्या ऑफिसात आला होता, अकोल्याकडच्या गावी असलेल्या आईच्या कुठल्याशा अर्जासाठी. ती समोर दिसल्यावर दोघांनीही एकमेकांना ओळखलं.

“मग? काय बोलला?” मी विचारलं.

“अर्जावर एक सही राह्यली होती. ती घेतली. त्याले चहा विचारला, नको म्हणाला.”

“रागावलेला होता का?”

“आई, खरंच नाही कळलं मला,” ती म्हणाली. मागून कोणीतरी तिला हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.